आशाबाईची साक्ष

बुधवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास जमीन हलली तेव्हा आशाबाई शाळेच्या गणवेशाची बाही कापत होती. निळ्या कापडावर खडूची रेघ, रेघेवर कात्री, कात्री अर्ध्यावर आलेली. इथपर्यंत तिला सगळं लख्ख आठवत होतं. मग तो आवाज. वसमत-औंढ्याकडच्या गावांना तो सरावाचा झालेला. हट्ट्याला, तिच्या माहेरी, जमिनीच्या पोटात गुरगुरलं तरी माणसं हातातली भाकरी खाली ठेवत नसत. हिंगोलीत मात्र तो इतक्या जवळून क्वचित यायचा. आधी वाटलं, मालाचा ट्रक चुकून गल्लीत शिरला. मग मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजायला लागली, मशीनचं पायडल कुणी पाय न ठेवता हललं, आणि त्यानंतरचं काही नव्हतं. त्यानंतर ती एकदम गल्लीत होती. अनवाणी, उजव्या हातात कात्री, पाठीशी घराचं उघडं दार. जागची उठली कधी, दाराची कडी काढली कधी, दोन पायऱ्या उतरली कधी, यातलं काहीच तिच्याजवळ नव्हतं. कापडाचा तुकडा कापून टाकावा तसे ते क्षण मधून गेले होते.

गल्ली माणसांनी भरली होती. कुणी टॉवेलवर, कुणाच्या तोंडात ब्रशचा फेस. शेजारची मदीनाबी आपल्या लेकाला, साजीदला, आणि सुनेला दंडाला धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा त्यांची नावं घेत होती. जमीन थांबली होती, तळव्यांना मात्र ती अजून हलतेय असं वाटत होतं. आशाबाई आपल्या घराकडे बघत होती. दोन खोल्या, वर पत्रे, पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेले दगड. मिरगाच्या आधी तिनंच शिडी लावून ठेवले होते. घर पडलं नव्हतं. पण पडेल, आता पडेल, असं ती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. वाचलो म्हणून हायसं वाटतं तसलं ते नव्हतं. कित्येक दिवसांनी श्वास पार तळापर्यंत गेला. समोरच्या भिंतीवर सकाळचं ऊन पडलेलं तिला दिसलं आणि ते ऊन तिला आवडलं. अंग हलकं झालं. आता काही उरलं नाही, असं तिच्या मनात कुणीतरी म्हणालं, आणि म्हणणाऱ्याचा आवाज आनंदाचा होता. तेवढ्यात मदीनाबीनं वळून विचारलं, "भाभी, भाईसाब कुठं हायेत?"

भाईसाब आत होते. हरिचंद, तिचा नवरा, दोन वर्षांपासून कॉटवर. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस, ख्रिस्ती मंडळीत ढोलकी वाजवून गाणारा, ज्याच्या आवाजानं उपासनेला आलेली लहान लेकरं दचकायची, तो निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात आंघोळीच्या दगडावर कलंडला आणि त्यानंतर त्याला पाणी म्हणायचं असलं की तोंडातून डेपो यायचं. डेपो, ब्रेक, टाइम, असे सात-आठ शब्द. तेही मनासारखे नाहीत, जो हाताशी लागेल तो. म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. तिनं विचारायचं, त्यानं डाव्या हातानं तिचा हात दाबायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आशाबाई आत धावली. खोलीत एक उजेडाचा खांब उभा होता. पत्रा गंजलेल्या जागी फाटला होता, आणि तिथून आलेला दगड कॉटच्या उशाशी, हरिचंदच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, फरशीत रुतून बसला होता. फरशीला तडा गेलेला. हरिचंदच्या केसांत, भुवयांत गंजाचा चुरा होता. डोळे उघडे होते. तो तिच्याकडेच बघत होता. आजारपणानंतर त्याच्या चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली आणि दुसरी हसल्यासारखी राहिली होती, त्यामुळे तो हसतोय की काय, हे या दोन वर्षांत तिला कधीच ओळखता आलेलं नव्हतं. आताही आलं नाही. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तिच्या दुसऱ्या हातात अजून कात्री आहे हे तिला मदीनाबीनं ती काढून घेतली तेव्हा कळलं.

दिवसभर ती कामं करत राहिली. साजीदनं वर चढून बाकीचे दगड उतरवले, भोकावर प्लास्टिकचा कागद टाकला. तिनं फरशी झाडली, हरिचंदला कुशीवर केलं, पाठीला पावडर लावली, मऊ भात कालवून भरवला. हात सवयीनं चालत होते आणि ती कुठूनतरी लांबून त्या हातांकडे बघत होती. हीच का ती. या हातांनी दोन वर्षांत एकदाही त्याला ओल्यात पडू दिलं नव्हतं. पाठीला एक फोड येऊ दिला नव्हता. मंडळीतली माणसं भेटायला येत तेव्हा रडवेली होऊन येत आणि जाताना हसत जात, कारण आशाबाई त्यांना चहा द्यायची, हरिचंदच्या शब्दांच्या गमती सांगायची, प्रभू दुःखात आनंद देतो म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा खरोखर उजळायचा. पाळक उपदेशात तिचं नाव घेत. आशाबाईकडे बघा, म्हणत. ते खोटं होतं असं तिला या घडीलाही वाटत नव्हतं. रोज पहाटे उठून पदर खोचावा तसा तिनं आनंद खोचला होता. दिवसात सुटला तर पुन्हा खोचला होता. मेहनतीचा होता, पण आपला होता. मग आज सकाळी जो आपोआप आला, काही न करता आला, अंगभर पसरला, तो कुणाचा होता? हरिचंद मरेल असं वाटल्यावर आलेला तो आनंद तिच्या दोन वर्षांच्या सगळ्या आनंदापेक्षा खरा होता. हे तिला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. हातातला तांब्या तिनं खाली ठेवला आणि नळ तसाच वाहू दिला.

असं एकदा पूर्वीही झालं होतं. हट्ट्याला ती चौथीत असताना एका सकाळी शाळेच्या दारात त्यांना सांगितलं की गुरुजी रात्री वारले, आज सुट्टी. गुरुजी तिला आवडायचे. तिच्या पाटीवरचं अक्षर ते वर्गाला दाखवायचे. आणि तरी ती सुट्टी ऐकून पळत सुटली होती, दप्तर उडवत, सोयरीकीला निघालेल्या बैलगाडीच्या पुढं पुढं, घरापर्यंत. दारात आईनं विचारलं काय झालं गं, तेव्हा हसत हसतच सांगितलं होतं, गुरुजी मेले. आईनं मारलं नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं तिला आज, सत्तावन्नाव्या वर्षी, पुन्हा दिसलं. तेव्हा ती लेकरू होती. आता काय होती?

दुपारी नांदेडहून पुनमचा फोन आला. पुनम लेक, दवाखान्यात नर्स. बातम्यांत ऐकून घाबरली होती. आशाबाईनं दगडाचं सांगितलं, मग थोडं थांबून सांगितलं की ती बाबांना सोडून बाहेर पळाली. पुनम म्हणाली की आई, तसं शरीरच पळतं, डोक्याला विचारत नाही, वॉर्डात आमची भली भली माणसं पळतात. ती समजावणीच्या आवाजात बोलत होती, रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलते तशी. आशाबाई हो हो म्हणत राहिली. शरीर पळालं ते तिला पटत होतं. बाहेर उभं राहून ज्याला ऊन आवडलं ते शरीर होतं का, हे तिला विचारायचं होतं, पण आपल्या पोटच्या पोरीला तिच्या बापाबद्दल असलं विचारायला शब्द कुठून आणायचे. फोन ठेवल्यावर ती रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांपुढं नुसती ती उन्हाची भिंत येत राहिली.

संध्याकाळी मदीनाबी येऊन तिच्याजवळ टेकली आणि तिनं ते सांगितलं. त्यांची खोली आणि हरिचंदचा कॉट यांच्यात एकच भिंत होती. भांडी वाजायला लागली तेव्हा मदीनाबी भिंतीलाच टेकून तस्बीचे मणी ओढत होती, आणि तिनं कानांनी ऐकलं होतं. "भाईसाब वरडले भाभी. पळ म्हणले. साफ ऐकलं मी. पळ आशा, पळ." दोन वर्षांनी माणसाला वाचा फुटली ती बायकोला वाचवायला, असं म्हणताना मदीनाबीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून तू पळालीस, असं तिनं म्हटलं नाही, तिच्यासाठी ते उघडच होतं. आशाबाई हरिचंदकडे बघत होती. तो झोपला होता, किंवा डोळे मिटून पडला होता.

गुरुवारी दुपारपर्यंत ही गोष्ट सगळीकडे गेली. विश्वंभर पाळक मोटारसायकलवर आले. पस्तिशीचा माणूस, मनानं साधा, हरिचंदवर त्यांचा फार जीव. सलाम करून ते कॉटशेजारी बसले, दगड हातात घेऊन बघितला, पत्र्याचं भोक बघितलं, आणि दगड दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. त्यांनी प्रार्थना केली. जाताना ते म्हणाले की लोक फार घाबरलेत, रोज कुठंतरी हादरा बसतोय, तिकडं डोंगरकडा गावाची माणसं घराबाहेर अंगणात राहतायत, मंडळीतही कुणाला धीर राहिला नाही. रविवारी आशाबाईनं साक्ष द्यावी. फार नाही, झालं तेवढंच सांगावं. आशाबाईनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसती हलली, हे तिलाही कळलं नाही, पण पाळक समाधानानं गेले.

आणि मग ते सुरू झालं ज्यानं ती सगळ्यात जास्त भ्याली. शुक्रवारी सकाळी मशीनवर बसून ती बाह्या जोडत असताना तिनं सहज म्हणून, नुसतं बघायला म्हणून, तो शब्द त्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवून पाहिला. ताटं वाजली, पायडल हललं, पळ आशा पळ, आणि मग गल्ली. शब्द बसला. इतका नीट बसला की जणू ती जागा त्याच्याचसाठी रिकामी राहिली होती. दुपारपर्यंत तिला वाटायला लागलं की खरंच ऐकलं असेल. शनिवारी सकाळी ऐकू यायलाही लागलं. ती दचकून उठली, मशीनवरचं कापड खाली पडलं. कानांत हरिचंदचा आवाज होता, स्टँडवर गाडी मागं घेताना माणसांना बाजूला हो म्हणणारा, भरभक्कम, पूर्वीचा. आताच्या हरिचंदचा नव्हे. आताचा हरिचंद कितीही ओरडला तरी तसा ओरडला नसता. त्याचे शब्द एका गालातून, ओले होऊन निघत. म्हणजे हे तिनंच केलं होतं. तिच्या डोक्यानं दोन दिवसांत, तिला न विचारता, तिला सोडवायला आवाज तयार केला होता. आणि रविवारी तिनं उभं राहून तो सांगितला असता तर सोमवारपासून तोच खरा झाला असता. तिलाही दुसरं काही आठवलं नसतं. तिनं हरिचंदकडे बघितलं. तो डाव्या हातानं चादरीच्या काठाची घडी घालत होता, सोडत होता. त्याला विचारता आलं असतं. तुमी वरडले होते का, एवढं विचारायचं आणि हात पुढं करायचा. तिनं हात पुढं केला नाही.

रविवारी साजीदनं हरिचंदला उचलून रिक्षात ठेवलं आणि त्याची चाकांची खुर्ची मागं बांधली. प्रार्थनागृह म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रेच, पण त्यांच्यावरचे दगड आता अंगणात ओळीनं ठेवलेले. माणसं दाराजवळ दाटून बसली होती, पटकन बाहेर पडता यावं म्हणून. फक्त धुरपताबाई नेहमीसारखी पुढं, भिंतीला टेकून, मांडीवर काठी आडवी घेऊन. पंच्याहत्तरी ओलांडलेली, मूळची डोंगरकड्याची, मंडळीतली सगळ्यात जुनी. उभ्या जन्मात कुणाची स्तुती न केलेली बाई. आशाबाईच्या आनंदाबद्दलही ती कधी काही बोलली नव्हती. गाणी झाली, वाचन झालं. पाळकांनी आशाबाईचं नाव घेतलं. ती उठून उभी राहिली. समोरचे सगळे चेहरे तिच्याकडून काहीतरी मागत होते, आणि ते देणं किती सोपं आहे, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. सुरुवात तिनं नेहमीच्या आवाजात केली. सकाळ कशी होती, आवाज कसा आला, दगड कुठं पडला. कुणीतरी मागून हालेलुया म्हटलं. मग ती थांबली.

"मदीनाबीनं ऐकलं ते खरं असंल," ती म्हणाली. "मी न्हाई ऐकलं. मला कुणी पळ म्हणलं म्हणून मी पळाले न्हाई. मी ह्यांना टाकून पळाले."

पाळक काहीतरी बोलायला पुढं झाले. आशाबाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"आन बाहेर गेल्यावर मला बरं वाटलं. घर पडंल, हे मरतील असं वाटलं, आन मला बरं वाटलं. दोन वर्षं तुमाला मी आनंद सांगत आले. मला तुमाला हे बी सांगायला पाहिजे."

तिला अजून काही म्हणायचं होतं, माफीचं, प्रभूच्या दयेचं, साक्षीचा शेवट जसा व्हायला हवा तसं. ते आलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या होत्या. एकीनं आपल्या लेकराचा कान हातानं झाकला होता, उशिरा. आणि मग धुरपताबाई उठली. काठी टेकवत, कुणाकडे न बघता, माणसांच्या मधून वाट काढत ती दाराबाहेर गेली, आणि काठीचा आवाज अंगणभर जाऊन फाटकापाशी संपला. पाळकांनी घाईनं आपण प्रार्थना करू म्हटलं, पण प्रार्थना सुरू झाली नाही, कारण मागून, खुर्चीतून, हरिचंदच्या घशातून आवाज निघाला. सगळे वळले. त्याची मान थरथरत होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, आणि तो तोंडात काहीतरी गोळा करत होता, जिभेनं ढकलत होता. सगळ्यांना वाटलं तो रडतोय. आशाबाईला वाटलं तो शिव्या देतोय, आणि द्याव्यात असं तिला वाटलं.

"मला," हरिचंद म्हणाला. आणि पुन्हा गोळा करून, "मला बी."

त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. आजारी माणूस काहीही बोलतो, असं समजून पाळकांनी गाणं सुरू केलं आणि मंडळी नेहमीपेक्षा मोठ्यानं गायली. आशाबाई गात नव्हती. ते दोन शब्द हाताशी लागेल ते उचललेले नव्हते. डेपोतले नव्हते.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं, त्याला कॉटवर घेतलं, उशी नीट केली आणि खाली फरशीवर, तडा गेलेल्या जागी बसली. त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. भर दुपार होती. प्लास्टिकच्या कागदातून निळसर उजेड त्याच्या छातीवर पडला होता. चार दिवस जो प्रश्न टाळला तो तिनं आधी विचारला, तुम्ही पळ म्हणून ओरडला होता का. त्यानं एकदा दाबला. मग तिनं विचारलं, मी बाहेर गेले म्हणून तुम्हाला बरं वाटलं का. एकदा. लगेच, जोरात. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि इथं थांबावं असं तिला वाटलं. इथं थांबलं तर सगळंच गोड होत होतं. पण त्यानं तिचा हात सोडला नव्हता, आणि त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती, पुढं विचार म्हणत होती.

"आता सुटलो, असं वाटलं का तुमाला?" तिनं विचारलं. "मेलो तर सुटलो, माझ्या हातातून सुटलो, असं?"

हरिचंदनं डोळे मिटले. मग त्याची बोटं तिच्या बोटांवर हळूहळू आवळली, एकदा, आणि तशीच आवळलेली राहिली.

तिला धक्का बसला तो याचा. तिच्या आनंदाचा भार त्याच्यावरही होता. रोज सकाळी ती हसत त्याचं अंग पुसायची तेव्हा तो तिच्यासाठी पुसून घेत होता. पाहुण्यांना ती त्याच्या शब्दांच्या गमती सांगायची तेव्हा त्याचा अर्धा चेहरा हसत होता, आणि उरलेला अर्धा काय करत होता हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. दोन वर्षं एका खोलीत, एकमेकांपासून हीच एक गोष्ट लपवून दोघं राहिले होते, आणि जमीन फाटायला आली तेव्हा तो आत आणि ती बाहेर एकाच घटकेला सुटले होते. आणि तरी त्यानं पळ म्हटलं होतं. आणि तरी ती आत आली होती. यातलं कुठलं खरं, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि तो प्रश्नच तिला कळेना. त्याचे डोळे उघडले तेव्हा दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओघळलेल्या बाजूच्याही. ती नुसती बसून राहिली. काही चांगलं बोलायचं तिला सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचं प्रथमच काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारात काठी वाजली. धुरपताबाई होती. गावाच्या दुसऱ्या टोकाहून ती चालत आली होती, धापा टाकत होती. आशाबाई बाजूला झाली. जे ऐकायला लागेल ते ऐकायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. धुरपताबाई आत येऊन मशीनच्या स्टुलावर बसली, पाणी प्याली, हरिचंदकडे एकदा बघितलं. मग जमिनीकडे बघत बोलायला लागली. तिचा नवरा क्षयानं तीन वर्षं पडून होता. डोंगरकड्याला, मळ्यातल्या घरात, दोघंच. रोज ती त्याच्या उशाशी बसून मोठ्यानं प्रार्थना करायची की याला बरं कर, आणि मनात म्हणायची याला ने. एक दिवस नेलं. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं होतं, आणि मग जेवलो म्हणून ओकून काढलं होतं.

"चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तवापासून सांगून राहिले मंडळीत, प्रभूनं मला धीर दिला. काल तू उभी राहिलीस आन मला तिथं बसवंना पोरी. म्हणून उठले."

धुरपताबाईला आशाबाईचं बोलणं नकोच होतं. तिनं काठी भिंतीला लावली, पदर खांद्यावर ओढला आणि स्टूल कॉटजवळ सरकवलं. "आता जा तू. मी बसते. येक तास घरात तोंड दाखवू नको. ह्याला काय लागतं ते मला ठावं हाय." हरिचंदकडे वळून तिनं विचारलं, बरं का रं, आणि त्यानं डावा हात उचलून दाराकडे केला. जा.

आशाबाई निघाली. कुठं जायचं हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत ती दळणाला, औषधाला, भाजीला सोडून बाहेर पडली नव्हती, आणि तेव्हाही पाय घराकडे ओढ घेत असत. आता हातात पिशवीही नव्हती. ती चौकापर्यंत गेली, मग पुढं स्टँडच्या रस्त्याला लागली, जवळा बाजारची गाडी धूळ उडवत गेली, सोयाबीनच्या खताची पोती भरलेला टेम्पो गेला. लोक भूकंपाबद्दलच बोलत होते. तिला भीती वाटत होती की पुन्हा तसं मोकळं वाटेल, आणि भीती वाटत होती की वाटणार नाही. तसं काही झालं नाही. ती एक बाई होती आणि रस्त्यानं चालत होती. आत कॉटवर एक माणूस होता, त्याला तिचं सगळं माहीत होतं, तिला त्याचं, आणि ते माहीत असूनही तासाभरानं ती परत जाणार होती. हे तिच्या मनात आलं आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुणी ढकललं नव्हतं. स्वतःला खोचून धरलं नव्हतं. जायचंच होतं, म्हणजे तिला जायचं होतं.

समोर एका गाड्यावर कढई चढली होती. तेलाचा, ओव्याचा, मिरचीचा वास एकदम तिच्या अंगावर आला आणि आपल्याला भूक लागलीय हे तिला कळलं. बुधवारपासून तिनं काय खाल्लं होतं, खाल्लं होतं का, आठवेना. गाडेवाल्यानं कागदावर गरम भजे दिले. तिनं एक उचललं, फुंकलंही नाही, तोंडात टाकलं. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते इतकं चांगलं लागलं की ती चकित होऊन तशीच उभी राहिली, भर रस्त्यात, सत्तावन्न वर्षांची बाई, तोंड उघडं ठेवून वाफ सोडत. दुसरं उचललं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की जन्मात पहिल्यांदा ती आभार न मानता जेवायला लागली. पाच दिवस प्रार्थनेला जे ओठ हलले नव्हते ते हलायला लागले. तोंडात घास तसाच होता. शब्द नीट उमटत नव्हते, एका गालातून, ओले होऊन येत होते, आणि आपण काय म्हणतोय हे तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. घास गिळेपर्यंत ती थांबली नाही. मग तिनं गाडेवाल्याला सांगितलं की आणखी बांधून द्या, आणि त्यातले थोडे मऊ बघून द्या, घरी एकाला चावत न्हाई.